अर्थशास्त्राचे कलम आणि गाळलेले परंतुक

आरक्षणाचा विषय निघाला, किमान वेतनाचा निघाला, कंत्राटी सफाई कामगाराच्या पगाराचा निघाला, की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘हे सगळे बाजारावर सोडा. मागणी आणि पुरवठा जो भाव ठरवतील तोच खरा भाव. हा अर्थशास्त्राचा नियम आहे, तिथे भावनेचे काम नाही.’ हे वाक्य ऐकले की आपले चांगले चांगले कार्यकर्ते गप्प बसतात. इतिहासावर, धर्मशास्त्रांवर, राज्यघटनेवर तासन्‌तास बोलणारा माणूस अर्थशास्त्राचे नाव काढताच दोन पावले मागे सरतो. ज्या चळवळीचा जनक कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांतून अर्थशास्त्राच्या सर्वोच्च पदव्या घेऊन आला, १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, त्या चळवळीने हे शास्त्र दुसऱ्यांच्या हवाली करून टाकावे, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

आम्ही पेशाने वकील. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. कलम वाचायचे तर त्याखालचे परंतुक वाचल्याशिवाय थांबायचे नाही. कलम अधिकार देते आणि ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारा मजकूर तो अधिकार कुठे लागू होतो व कुठे नाही ते सांगतो. एखाद्या वकिलाने कलम मोठ्याने वाचले आणि परंतुक हळूच गिळले तर न्यायाधीश त्याला तिथेच अडवतात. आमचे म्हणणे असे की, ‘बाजारावर सोडा’ म्हणणारी मंडळी गेली अडीचशे वर्षे नेमके हेच करीत आहेत. नियम वाचतात, परंतुक गिळतात. आणि ते परंतुक कोणा क्रांतिकारकाने नंतर घुसडलेले नाही. ते या शास्त्राच्या मूळ पुरुषाने स्वतः लिहिले आहे. एवढेच नव्हे, ते लिहिताना त्याने हिंदुस्थानचे नाव घेतले आहे.

ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६ साली निघाला. त्याच्या पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणात स्मिथ एक साधा प्रश्न विचारतो. निरनिराळ्या कामांची मजुरी निरनिराळी का असते? त्याने पाच कारणे दिली आहेत. त्यांतले पहिले कारण आपल्या कामाचे आहे. जे काम कष्टाचे, घाणीचे, धोक्याचे किंवा अप्रतिष्ठेचे असते, त्याला जास्त मजुरी मिळाली पाहिजे. नाहीतर माणूस ते करील कशाला? स्मिथने दाखला दिला आहे तो लोहाराचा आणि कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा. लोहार कारागीर असूनही बारा तासांत जेवढे कमावत नाही तेवढे खाणमजूर आठ तासांत कमावतो, असे तो सांगतो. कारण लोहाराचे काम तेवढे घाणेरडे नाही, तेवढे धोक्याचे नाही, आणि ते जमिनीच्या वर, उजेडात चालते. सर्वांत तिरस्करणीय धंदा फाशी देणाराचा, म्हणून कामाच्या मानाने त्याला सर्वांत जास्त पैसे, हेही तो नमूद करतो.

आता आपल्याकडे बघा. जमिनीच्या खाली, अंधारात, विषारी वायूत उतरून गटार साफ करणाऱ्या माणसाला या नियमाने शहरातली सर्वांत चांगली मजुरी मिळायला हवी होती. कारकुनाने त्याचा हेवा करायला हवा होता. प्रत्यक्षात काय आहे ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्या देशात काम जितके घाणीचे तितकी मजुरी कमी आणि जितके स्वच्छ तितकी जास्त. स्मिथचा नियम इथे उलटा चालतो.

मग स्मिथ चुकला काय? नाही. त्याने त्याच ठिकाणी परंतुक घातले आहे. हा नियम कोणत्या समाजात लागू होईल? जिथे प्रत्येक माणसाला हवा तो धंदा निवडण्याची आणि वाटेल तेव्हा बदलण्याची पूर्ण मोकळीक आहे, तिथे. आणि सातव्या प्रकरणात तो आणखी स्पष्ट बोलतो. बाजारभाव वर-खाली झाला तरी मजुरी फार काळ तिच्या स्वाभाविक पातळीखाली राहू शकत नाही, कारण लोक तो धंदा सोडून जातात, असे सांगून तो म्हणतो की, एखाद्या धंद्यातली मजुरी पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवायची तर त्यासाठी हिंदुस्थानासारखी किंवा प्राचीन इजिप्तसारखी जबरदस्तीची व्यवस्था लागेल, जिथे बापाचा धंदा मुलाने करावा असे धर्माचे बंधन होते आणि तो बदलणे हे घोर पाप समजले जाई. एडिंबरोजवळच्या गावात बसून लिहिणाऱ्या या माणसाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. पण बाजाराचा नियम कुठे बंद पडतो हे सांगताना त्याला जातिव्यवस्थाच आठवली. परंतुक याहून स्पष्ट कसे लिहायचे असते?

स्मिथ हा व्यापाऱ्यांचा वकील होता असा समज करून दिला गेला आहे. तोही खरा नाही. आठव्या प्रकरणात त्याने लिहून ठेवले आहे की, मजुरी वाढू नये म्हणून मालक लोकांची सर्वत्र आणि सतत एक मूक संगनमत असते. मजुरांनी एकजूट केली तर कायदा त्यांच्यावर धावून येतो, मालकांच्या एकजुटीविरुद्ध कायदा नसतो. भांडण लांबले तर मालक वर्षभर तग धरू शकतो, मजूर आठवडाभर धरू शकत नाही, हेही त्यानेच सांगितले. आज हे वाक्य एखाद्या कामगार पुढाऱ्याने सभेत उच्चारले तर त्याला ‘विकासविरोधी’ ठरवतील.

आता हे परंतुक नेमके काम कसे करते ते पाहू. अल्फ्रेड मार्शलचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ १८९० साली आले. मागणीची रेषा खाली उतरते, पुरवठ्याची वर चढते, दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथे भाव ठरतो, ही कॉलेजातल्या पोरांना पाठ असलेली आकृती त्यानेच रूढ केली. मागणी आणि पुरवठा ही कात्रीची दोन पाती आहेत, कागद कोणत्या पात्याने कापला हे विचारणे व्यर्थ, असे तो म्हणे. ठीक आहे. पण पुरवठ्याची रेषा आभाळातून पडत नाही. कोणत्या कामाला किती माणसे उपलब्ध आहेत, यावर ती ठरते. आणि कोणत्या कामाला किती माणसे उपलब्ध असावीत हे जिथे जन्म ठरवतो, तिथे एक पाते आधीच वाकवलेले असते.

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा एका गावात शंभर काम करणारी माणसे आहेत आणि दहा धंदे आहेत. सगळे धंदे सगळ्यांना खुले असतील तर ढोबळमानाने प्रत्येक धंद्यात दहा माणसे जातील. कुठे गर्दी झाली तर मजुरी उतरेल, माणसे दुसरीकडे सरकतील आणि पुन्हा तोल साधेल. आता त्यातल्या वीस जणांना सांगितले की, तुम्हाला एकच धंदा, बाकीचे नऊ बंद. त्या एका धंद्यात दहाच्या जागी वीस माणसे कोंबली गेली. अकरावा, बारावा, विसावा माणूस जी भर घालतो ती कमी कमी होत जाते, कारण काम तेवढेच आणि हात दुप्पट. मजुरी त्या शेवटच्या माणसाच्या कामावर ठरते, त्यामुळे विसांच्या विसांची मजुरी खाली येते. इथपर्यंत सर्वांना कळते. पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही. उरलेल्या नऊ धंद्यांत नव्वदऐवजी ऐंशीच माणसे राहिली. तिथे स्पर्धा कमी झाली, म्हणून त्यांची मजुरी वाढली. म्हणजे एकाचा धंदा बंद केला की दुसऱ्याला आपोआप बोनस मिळतो. हा बोनस हजारो वर्षे मिळत होता. त्याला कोणी आरक्षण म्हटले नाही, त्याला ‘गुणवत्ता’ म्हटले.

ही आमची कल्पना नव्हे. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १९२२ साली बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी का, याचा विचार करताना हेच कारण दिले : बायकांना थोड्याच धंद्यांत कोंबले आहे. पुढे अमेरिकेत बार्बरा बर्गमन यांनी काळ्या कामगारांच्या बाबतीत हाच विचार मांडला. आणि मुंबईला यासाठी परदेशातला दाखला शोधायला नको. इथल्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा ‘विटाळ’ होई. विणाई खाते जास्त पगाराचे. म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालक आणि मजूर यांच्या भांडणात मजुराने मजुराविरुद्ध लावलेले हे कुलूप कोणाच्या हिशेबात नव्हते. एजवर्थने पुस्तकात लिहिले ते बाबासाहेबांनी गिरणीच्या दारात दाखवून दिले.

परंतुक गाळून नियम लागू केला म्हणजे काय अनर्थ होतो, याचा एक जुना दाखला आपल्या पुणे जिल्ह्यातलाच आहे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. सर्वांत निकस जमिनीत जेमतेम खर्च निघतो, चांगल्या जमिनीत खर्च वजा जाऊन जास्त उरते, तो उरलेला भाग म्हणजे खंड. त्यावर कितीही कर बसवला तरी शेतीला धक्का लागत नाही, कारण तो कोणाच्या कष्टाचा मोबदला नाही. इंग्लंडमध्ये हा सिद्धांत जमीनदारांच्या विरोधात होता. रिकार्डोचा मित्र जेम्स मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत अधिकारी होता आणि कंपनीचे तरुण अंमलदार ज्या हेलिबरी कॉलेजात तयार होत तिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत होता. तिथून हा सिद्धांत जहाजात बसून दख्खनेत आला. पेशवाई बुडून दहा-बारा वर्षेही झाली नव्हती, तोच प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्यावर ५५ टक्के सारा बसवला. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात इंदापूरसारख्या तालुक्यांत सारा वसूल होईना, सूट देत बसावे लागले, लोक जमिनी टाकून निघून गेले. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांना इंदापुरापासून नवी जमाबंदी करावी लागली आणि तीत दर बरेच उतरवावे लागले.

चूक कुठे झाली? पाहणीत लाचलुचपत होती, मोजणी खोटी होती, हे खरेच. पण मुळात रिकार्डोचा शेतकरी हा भांडवल घेऊन येणारा इंग्रज होता. शेतीत परवडले नाही तर तो भांडवल उचलून दुसऱ्या धंद्यात जाऊ शकत होता. म्हणून त्याच्या पदरात किमान नफा आणि मजुराच्या पदरात किमान मजुरी राहील, वर उरेल तोच खंड, असे धरता येत होते. आपल्या कुणब्याला जायला दुसरी जागा कुठे होती? ज्याला जायला जागा नाही त्याच्या पोटातला घाससुद्धा ‘निव्वळ उत्पन्न’ म्हणून मोजता येतो. रिचर्ड जोन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८३१ सालीच हा आक्षेप नोंदवला होता. हिंदुस्थानच्या रयतेचा खंड आणि इंग्लंडच्या शेतकऱ्याचा खंड ही एक वस्तू नव्हे, असे त्याने बजावले. गंमत अशी की माल्थसनंतर हेलिबरीत त्याच जागेवर हाच जोन्स प्राध्यापक झाला. तोवर इंदापूरच्या शेतकऱ्याने किंमत मोजून झाली होती. कुणब्याची ही कथा, मग ज्याला टाकून जायला जमीनही नव्हती, वतनाच्या दोरीने जो गावाला बांधलेला होता, दिवसरात्र सरकारचे आणि पाटलाचे काम करूनही ज्याची मजुरी कोणत्याच रकान्यात धड लिहिली जात नव्हती, त्या महाराची कथा काय सांगावी! ते वतन तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, ते याच कारणासाठी. वतन तुटल्याशिवाय माणूस मजुरीच्या बाजारात उभाच राहू शकत नव्हता.

१८७१ नंतर अर्थशास्त्राने कूस बदलली. जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघांनी वेगवेगळ्या देशांत सीमान्त उपयोगितेचा विचार मांडला. वस्तूची किंमत तिच्यात ओतलेल्या श्रमावर नव्हे, तर शेवटच्या नगापासून मिळणाऱ्या समाधानावर ठरते, हा त्याचा गाभा. तोच विचार १८९९ मध्ये जॉन बेट्स क्लार्क यांनी मजुरीला लावला. प्रत्येकाला त्याच्या सीमान्त उत्पादनाएवढी मजुरी मिळते, म्हणजे ज्याने जेवढी भर घातली तेवढे त्याच्या पदरात पडते, आणि हे न्याय्य आहे, असे त्यांचे म्हणणे. क्लार्क कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच विद्यापीठात विद्यार्थी होते. सिद्धांताचा हा सर्वांत आकर्षक अवतार त्यांनी जवळून पाहिला, आणि त्याला भुलले नाहीत.

१९१८ साली त्यांनी ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध प्रसिद्ध केला. शेताचे तुकडे लहान झाले म्हणून शेती दरिद्री झाली, तुकडे जोडा, असा त्या वेळचा सरकारी विचार होता. बाबासाहेबांनी विचारले, शेत लहान की मोठे हे कशावरून ठरवता? त्यावर एका कुटुंबाचे पोट भरते की नाही यावरून? तो खाणाराचा हिशेब झाला, पिकवणाराचा नव्हे. पिकवणाराचा हिशेब म्हणजे जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण. आपल्याकडे बैल, नांगर, विहिरी इतक्या अपुऱ्या आहेत की त्या मानाने आहेत ती शेतेही मोठीच आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लोक चक्रावले असतील, पण सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याप्रमाणे तो बिनचूक आहे. आणि खरा रोग त्यांनी पुढे सांगितला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लादली गेली आहेत. भांडवल रिकामे पडले तर फक्त कमाई थांबते. माणूस रिकामा पडला तरी त्याला जेवावे लागते. कमवून नाही तर दुसऱ्याच्या कमाईतून. म्हणून उपाय शेतात नाही, उद्योगधंद्यांत आहे. शेतीवरची जास्तीची माणसे तिकडे न्या. १९५४ साली आर्थर लुईस यांनी शेतीतल्या जास्तीच्या श्रमावर आणि उद्योगीकरणावर जगप्रसिद्ध निबंध लिहिला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर जन्मलेला हा काळा माणूस आणि महूच्या छावणीत जन्मलेला आपला माणूस, दोघांनी ३६ वर्षांच्या अंतराने एकाच दुखण्यावर बोट ठेवले.

१९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी स्मिथच्या परंतुकाला पूर्ण रूप दिले. जात म्हणजे नुसती श्रमविभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे प्रतिपादन आपण भाषणांत नेहमी वापरतो. पण त्यांचा पुढचा मुद्दा अर्थशास्त्राचा होता, तो आपण विसरतो. उद्योग सतत बदलत असतो. एक धंदा बसतो, दुसरा उभा राहतो. माणसाला एकातून दुसऱ्यात जाता आले नाही तर तो बेकार होतो. जात ही वाट अडवते, म्हणून आपल्या देशातल्या पुष्कळशा बेकारीचे कारण खुद्द जातच आहे. म्हणजे जात फक्त आपल्यावर अन्याय करते असे नाही, ती देशाचे उत्पादनही घटवते. हा युक्तिवाद दयेचा नाही, हिशेबाचा आहे.

यावर एक हुशार उत्तर मिळते. शिकागोचे गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाचे अर्थशास्त्र लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जो मालक चांगला कामगार निव्वळ त्याच्या रंगामुळे नाकारतो तो स्वतःचेच नुकसान करतो. दुसरा मालक त्या कामगाराला स्वस्तात घेईल आणि स्पर्धेत पहिल्याला मागे टाकील. म्हणून खुल्या स्पर्धेत भेदभावाला गळती लागेल. ऐकायला बरे वाटते. पण जात ही एका मालकाची खोड नाही, ती सगळ्या गावाची शिस्त आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७६ च्या एका निबंधात हेच दाखवून दिले आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते जातीचेच. जो जातीचा नियम मोडतो त्याच्यावर बाकीचे बहिष्कार घालतात. मग नियम मोडण्यातला फायदा बहिष्काराच्या तोट्यापेक्षा कमी ठरतो आणि मनातून न पटणारा माणूससुद्धा नियम पाळत राहतो. गावातल्या हॉटेलवाल्याने दलित पोऱ्या गल्ल्यावर बसवला तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाईल, या एका भीतीत अकरलॉफचा सगळा सिद्धांत सामावलेला आहे. स्पर्धा इथे भेदभावाला मारत नाही, उलट त्याची राखण करते. अकरलॉफ यांनाही २००१ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ‘हे चळवळवाल्यांचे अर्थशास्त्र आहे’ असे कोणी म्हणू नये.

आणि हे फक्त गावाचे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त आडनावाचा. दलित वाटणाऱ्या आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण वाटणाऱ्या आडनावापेक्षा लक्षणीय कमी निघाली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उदारीकरण होऊन १६ वर्षे लोटली होती. पदवी तीच, गुण तेच, बाजार ‘खुला’. मग आडनाव कोणत्या रेषेवर बसते, मागणीच्या की पुरवठ्याच्या?

बाजाराने आपल्याला काहीच दिले नाही असे आम्ही म्हणत नाही. गिरणी, रेल्वे, गोदी, लष्कर यांनीच हजारो माणसांना वतनाच्या दोरीतून सोडवले. ‘खेड्याकडे चला’ ही हाक बाबासाहेबांना कधी पटली नाही, ती याचमुळे. शहरातल्या बाजारात जो श्वास घेता आला तो गावगाड्यात कधीच मिळाला नसता. म्हणून आमचे भांडण बाजाराशी नाही. ज्या बाजाराचे दार बंद आहे त्याला खुला बाजार म्हणण्याशी आहे.

आता कायद्याकडे येऊ. किमान वेतन वाढवले की मालक माणसे काढतो, हे पाठ्यपुस्तकातले दुसरे आवडते वाक्य. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली दाखवले की, जिथे काम देणारे मूठभर आणि मागणारे पुष्कळ असतात, तिथे मालक मजुरी तिच्या योग्य पातळीखाली ठेवू शकतो. अशा ठिकाणी किमान वेतन वाढवल्याने रोजगार घटलाच पाहिजे असे नाही. १९९४ साली कार्ड आणि क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया या शेजारच्या राज्यांतली खाद्यगृहे तपासली. न्यू जर्सीत किमान वेतन वाढल्यावर तिथला रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले, तेव्हा यातले कोणतेही नोबेल दिले गेलेले नव्हते. त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि आज तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे.

पण आमच्या मते या विषयावरचा सर्वांत मोठा अर्थशास्त्रीय निबंध सर्वोच्च न्यायालयाने लिहिला आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालली होती. मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. १९८२ च्या निकालात न्या. भगवती यांनी सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारी आहे. मालक म्हणेल, मजुराने स्वखुशीने काम पत्करले. न्यायालय म्हणाले, जबरदस्ती फक्त काठीची नसते. भूक आणि गरिबी माणसाला दुसरा मार्गच ठेवत नसेल तर तीही जबरदस्तीच. पाठ्यपुस्तकातला सगळा डोलारा ‘स्वखुशीने केलेला सौदा’ या दोन-तीन शब्दांवर उभा आहे. त्या शब्दांची चौकशी अर्थशास्त्राच्या वर्गात होत नाही. ती आपल्या घटनेने केली. स्मिथचे परंतुक इथे कायदा झाले.

गटारात उतरणाऱ्या माणसाचा हिशेबही आता याच नजरेने मांडला पाहिजे. यंत्र घ्यायचे की माणूस उतरवायचा, हे ठेकेदार दोन्हींचा खर्च पाहून ठरवतो. माणूस स्वस्त असतो तोवर यंत्र महाग वाटते. म्हणून १९९३ आणि २०१३ चे दोन कायदे होऊनही माणसे उतरवली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. आयुष्याची किंमत पैशात होत नाही, हे खरे. पण ठेकेदाराच्या वहीत जिथे शून्य लिहिले जात होते तिथे आकडा लिहायला लावणे, हे काम त्या निकालांनी केले आहे. प्रत्येक मृत्यूमागे ती भरपाई वसूल करून घेणे हे आता आपल्या वकिलांचे आणि संघटनांचे काम आहे. आकडा कागदावरच राहिला तर माणूस पुन्हा स्वस्त होतो.

तेव्हा आपल्या मुलांना आमचे सांगणे एवढेच. अकरावी-बारावीत किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतले असेल तर ते गुणांपुरते घोकू नका. वस्तीवस्तीत बाबासाहेबांचे ग्रंथ वाचण्याची मंडळे आहेत. तिथे धर्म आणि घटना यांच्या जोडीला १९१८ चा तो निबंध वाचा, मागणी-पुरवठ्याची आकृती फळ्यावर काढा आणि आपल्या वस्तीतल्या घरकामगार बाईची, बिगाऱ्याची, कंत्राटी सफाई कामगाराची मजुरी त्या आकृतीवर कुठे बसते ते शोधा. बसत नसेल तर का बसत नाही ते लिहून काढा. आणि यापुढे कोणी ‘बाजारावर सोडा’ म्हणाले तर मागे सरू नका, चिडूही नका. त्याला शांतपणे विचारा, साहेब, कलम तर वाचलेत, परंतुक कधी वाचणार?